मालकाचा पाळणा

प्रिय बारक्या,

आधी दाजींना आत घे आणि पाणी दे. दारातच टेकले असतील, बोलायच्या अवस्थेत नसतील, आणि तू कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघत उभा असशील. राग माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको. ते बिचारे फक्त टपाल पोचवायला आलेत. दम परत आला की ते तुला एकच गोष्ट सांगतील. हे पत्र वाचून होईस्तोवर घरातलं कुणी बाहेर पडायचं नाही. तुझी बायको नाही आणि चिमणी तर नाहीच नाही. का, ते लगेच विचारू नकोस. एवढं एक ऐक, मग वाटलं तर जन्मभर माझ्याशी बोलू नकोस.

दादाने तुला जे सांगितलं ते खरं आहे. ताईने तुझ्या तोंडचा घास काढून घेतला. दादा त्याचे सगळे शेअर तुला देणार होता. तुझे आणि त्याचे मिळून तू अर्ध्याच्या कितीतरी पुढे गेला असतास आणि कंपनी तुझी झाली असती. माझी फक्त एक सही हवी होती. आजोबांनी कंपनीच्या नियमांत घालून ठेवलंय ना, घरातल्या कुणी शेअर विकायला काढले तर आधी वयाने मोठा असेल त्याला विचारायचं, त्याने नको म्हटलं तरच धाकट्याकडे जायचं. त्या हिशेबाने तुझ्याआधी मी. ‘मला नकोत’ असं लिहून मी सही करायची, एवढंच काम होतं. मी ‘मला हवेत’ असं लिहिलं. दादाने तुझ्यासाठी भाव इतका खाली आणून ठेवला होता की तो मलाही परवडला, म्हणजे दवाखान्याची जागा विकून परवडला. काल दुपारपासून कंपनी माझ्या हातात आहे. लोकांचे गुडघे आणि कंबरा सरळ करून पोट भरणारी तुझी फिजिओथेरपिस्ट बहीण लोखंडी दोरांच्या कारखान्याची मालकीण झालीय. एरवी या गोष्टीवर आपण दोघं पोट धरून हसलो असतो.

तुला कंपनी किती हवी होती, ते मला सांगायला नको. शेंडेफळ म्हणून तुझे लाड सगळ्यांनी केले, पण तुझं मत कुणी विचारलं नाही. दरवर्षीच्या सभेत ते लांबलचक टेबल, दादा खिडकीकडे पाठ करून बसलेला, मी त्याच्या उजव्या हाताला, तू समोर. दादाने काही मांडलं की माझा हात वर जायचा, कारण मला दोरातलं काही कळत नव्हतं आणि दादाला सगळं कळतं असा माझा समज होता. तू एकटा हात खाली ठेवून कपातल्या चहाकडे बघत बसायचास. बाबांनी जाताना शेअर असे वाटले की तिघांपैकी कुणा एकाकडे अर्ध्याहून जास्त येणार नाहीत. त्यांना वाटलं, अशाने पोरं एकत्र राहतील. पोरं एकत्र राहिली, पण तू प्रत्येक सभेतून उठताना जरा जास्तच वाकून उठायचास. मी पाठी बघते रे रोज. मला ते दिसायचं.

म्हणून दादाने जेव्हा सांगितलं की आता मी थकलो, सगळं बारक्याच्या हाती देतो, तेव्हा तुझ्या आवाजात काय आनंद होता. त्या दिवशी मी दादाच्याच घरी होते. त्याने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला होता. तू म्हणालास, “मी पाळण्यात बसणार. बाबांसारखा. चिमणीला समोर उभी करणार आणि वरून हात करणार.” वहिनी कौतुकाने हसली. दादा चमच्याने चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली असेल, तरी ढवळत होता. मग म्हणाला, “बस की. हौस आहे तर बस.”

तो पाळणा तुला आठवतो की ऐकून माहीत आहे, कोण जाणे. बाबा बसले तेव्हा तू आईच्या कडेवर होतास. आजोबांनी कारखाना काढला त्या वेळी नव्या माणसाचा दोर कुणी घेईना. लिफ्टला लावायचा, क्रेनला लावायचा, खाली माणसं उभी राहणार, कोण विश्वास ठेवील? मग आजोबांनी अंगणात लोखंडी मनोरा उभा केला, त्याला एक पाळणा टांगला, आणि गिऱ्हाइकांना बोलावून स्वतः त्यात जाऊन बसले. तेव्हापासून ठरून गेलं. कंपनी ज्याच्या हातात येईल त्याने पहिल्या दिवशी पाळण्यात बसायचं. दोर कुठला, ते मालकाने ठरवायचं नाही. कामगारांनी गोदामातून मनाला येईल ते भेंडोळं उचलून आणायचं. मनोऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन खाली यायचं, मग फाटक उघडायचं. आणि मालक बसला नाही तर फाटक बंद. कारखान्यातून हातभर दोरही बाहेर जायचा नाही.

बाबा बसले त्या दिवशी आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. बाबांनी टोकावरून हात हलवला आणि त्यांच्या पायातला एक बूट निसटून खाली पडला. सगळे कामगार हसले, तू टाळ्या वाजवल्यास, मी हसले. दादा हसला नाही. त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो घामाने ओला झाला होता. मला वाटलं, त्याला बाबांची काळजी वाटतेय. आता वाटतं, एक दिवस आपल्याला तिथे बसावं लागणार, याची त्याला तेव्हापासून धास्ती होती. बाबांनी शेअर तिघांत वाटले, अर्ध्यापुढे कुणीच गेलं नाही, आणि त्यामुळे बाबांनंतर त्या पाळण्यात कुणीही बसलं नाही. कंपनी दादानेच चालवली, पण मालक म्हणून त्याला कुणी त्या मनोऱ्याखाली उभं केलं नाही.

आता दादाच्या गुडघ्याचं सांगते. हसू नकोस, सगळं तिथूनच सुरू झालं. गेलं वर्षभर तो माझ्याकडे व्यायामाला येतो. उजव्या गुडघ्याची वाटी झिजलीय. मी त्याला बजावलं होतं, जिने बंद. एक पायरी चढायची नाही. त्याचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे, म्हणून मी निर्धास्त होते. तरी गुडघा काही उतरेना. प्रत्येक वेळी सूज जास्तच. मी व्यायाम बदलले, शेक बदलला, त्याच्यावर चिडलेसुद्धा. मग एका दुपारी त्याच्या औषधाची बाटली माझ्याकडे राहिली म्हणून ती द्यायला मी कारखान्यात गेले, आणि हा मला जिन्यावर दिसला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसला होता, एका हाताने कठडा धरून, कपाळावर घाम. म्हणाला, लिफ्टला गर्दी होती. लिफ्ट खालीच होती, दार उघडं, आत कुणी नाही. मी तिच्यासमोरूनच आले होते.

तेव्हा मला काही कळलं नाही. मला वाटलं, त्याला बंद जागेची भीती वाटायला लागली असेल. वयानुसार होतं असं लोकांना. मी तसं वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, छे, घरी तर लिफ्टनेच वरखाली करतात. आणि मग हसत हसत सांगितलं की यांचं आता सगळं उलटंच चाललंय. इमारतीच्या लिफ्टला आपल्या कंपनीचा दोर होता, नवाकोरा, दोन वर्षंही झाली नव्हती. तो यांनी काढायला लावला आणि दुसऱ्या कंपनीचा बसवला. ज्यांच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली त्यांचाच. शेजाऱ्यांना सांगितलं, नियमाप्रमाणे बदलायची वेळ झाली होती. घर की मुर्गी वगैरे काहीतरी वहिनी बोलत राहिली. मी चहाचा कप हातात धरून कारखान्यातली ती रिकामी लिफ्ट आठवत होते, तिला आपलाच दोर होता. चहा निवून गेला.

त्यानंतर मला जे दिसलं ते आधीही दिसत होतंच, फक्त मी बघत नव्हते. दोर ताणून बघायचं यंत्र कित्येक महिने दुरुस्तीच्या नावाखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेलं. त्या यंत्रावर बसणाऱ्या म्हाताऱ्या तपासनिसाला मुदतीआधी घरी पाठवलेलं. तो मला रस्त्यात दिसला आणि समोरून येता येता पलीकडच्या फुटपाथवर गेला. दोन वर्षांपूर्वी तार घ्यायचा कारखाना बदललेला, त्याचं सभेत दादाने किती कौतुक केलं होतं, आठव. मी हात वर केला होता. आणि दादाचा मुलगा, जो या कंपनीचाच वारस म्हणून वाढला, तो अचानक दुसरीकडे नोकरीला लागला. दादा स्वतःला, बायकोला, मुलाला एकेक करून बाहेर काढत होता. आणि आत तुला बोलावत होता.

मी त्याला विचारलं. माझ्या टेबलावर तो पालथा झोपला होता, मी त्याची मांडी दाबत होते, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “दादा, आपल्या दोरात काय खोट आहे?”  माझ्या तळव्याखाली त्याचा स्नायू असा ताठ झाला की मला उत्तर मिळालं. माणूस तोंडाने खोटं बोलतो, मांडी बोलत नाही. मग उशीत तोंड खुपसूनच म्हणाला, “तू सही करून मोकळी हो. तुझं नाव कुठे येणार नाही, याची व्यवस्था केलीय मी.” मी म्हटलं, “आणि बारक्याचं?” तो उठून बसला आणि मोजा मागितला. मी दिला. त्याने तो घालायला इतका वेळ लावला, जणू पहिल्यांदाच मोजा घालत होता. जाताना म्हणाला, “त्याला मालक व्हायचंय ना. होऊ दे की.”

बारक्या, तुला सायकल शिकवली ती याच माणसाने. तुला ताप आला की रात्रभर तुझ्या उशाशी बसायचा तो हाच. मला त्याचा राग येतो आणि रडूही येतं, दोन्ही एकदम येतं आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. त्याला तुझं वाईट व्हावं असं वाटत असेल, हे मी आजही मानत नाही. त्याला फक्त इतकंच हवं होतं की जेव्हा कुठेतरी काहीतरी तुटेल आणि मालक कोण म्हणून लोक विचारत येतील, तेव्हा ते त्याच्या दारी येऊ नयेत. मग ते कुणाच्या दारी जातील, याचा विचार त्याने केलाच नाही, किंवा केला आणि चहा ढवळत बसला. तू पाळण्यात बसशील त्या दिवशी एखादं जुनं, धड भेंडोळं पुढे करायची सोय त्याने केली असती, असं मी स्वतःला समजावते. केली असती कदाचित. मला खात्री नाही.

म्हणून मी ‘मला हवेत’ असं लिहिलं. त्याला नाही म्हणता येईना, आजोबांचा नियम त्यानेच मला वाचून दाखवला होता. काल दुपारी कागद झाले आणि मी सरळ कारखान्यात गेले. कामगारांना वाटलं, मालकीणबाई पाळण्यात बसायला आल्या. कुणीतरी शिडीसुद्धा पुसून ठेवली होती. मी म्हटलं, मी बसणार, पण आज नाही. आज माझ्या जागी वजनं बसतील. भरलेल्या लिफ्टचं असतं तेवढं वजन पाळण्यात भरायला लावलं, गोदामातून त्यांच्या मर्जीने भेंडोळं आणायला लावलं, आणि सांगितलं, आता मी थांबा म्हणेपर्यंत वर न्या, खाली आणा. पहिला तास काहीच झालं नाही. लोक कंटाळले. मलाही वाटायला लागलं की मी वेडी आहे, दवाखाना विकून भावाभावांत आग लावणारी मूर्ख बाई. देवाला हात जोडून सांगते, मी तशीच ठरायला हवी होते.

मग एक तार सुटली. नुसती टिक असा आवाज झाला, सतारीची तार तुटावी तसा. खालून दिसेना. मग आणखी एक. कुणीतरी म्हणालं, थांबवा. मी नको म्हटलं. पाळणा वर गेला, खाली आला, परत वर गेला, आणि टोकाजवळ पोचला तेव्हा दोराचा पीळ आमच्या डोळ्यांदेखत उलगडला आणि पाळणा खाली आला. जमीन पायाखाली हादरली. धूळ खाली बसली तेव्हा त्या पाळण्याची कड पार वाकून गेली होती. सगळी माणसं तिथे उभी होती. मला त्या पाळण्यात तू दिसलास, समोर चिमणी, तिचा वर केलेला हात. मी तिथेच पायरीवर बसले.

आता फाटक बंद आहे आणि बंदच राहणार. आजोबांच्या नियमाचा तो दुसरा भाग आहे, मालक बसला नाही तर फाटक बंद. मी मालक आहे आणि मी त्या दोरावर बसणार नाही. कारखान्यातली माणसं कालपासून फोन घेऊन बसलीत, ज्यांना ज्यांना दोर गेला त्यांना कळवतायत, क्रेनवाले, बांधकामवाले, लिफ्टवाले. उद्या सकाळी मी सगळ्यांसमोर त्या मनोऱ्याखाली उभी राहून काय ते सांगणार आहे. दादाला निरोप दिलाय, तू पण ये. येईल असं वाटत नाही. यानंतर कंपनी राहणार नाही, बाबांचं नाव राहणार नाही, आणि जे काय विचारायला येतील ते माझ्या दारी येतील. येऊ देत. तुला हवी होती ती कंपनी मी घेतली आणि एका दिवसात बुडवली. त्याचा राग तू धरलास तर मी काही बोलणार नाही.

पण हे पत्र मी माफी मागायला लिहिलेलं नाही, आणि खुलासा करायलाही नाही. काल संध्याकाळी पाळणा पडल्याबरोबर मी पहिला फोन तुला केला. मी म्हटलं, “बारक्या, तुमची लिफ्ट,” आणि तू म्हणालास, “कंपनी घेतलीस, आता लिफ्टही घेतेस का ताई,” आणि फोन ठेवून दिलास. त्यानंतर तू उचलला नाहीस, तुझ्या बायकोने उचलला नाही. म्हणून आज उलट्या टोकाने लिहिलं. आधी सगळं सांगितलं, आता तेच वाक्य पुरं करते. गेल्या वर्षी तुमच्या इमारतीच्या लिफ्टचा दोर बदलायचा होता तेव्हा तू हट्टाने आपल्या कंपनीचा बसवलास. तू आणलेली ती पहिली ऑर्डर. दादाने सभेत तुझी पाठ थोपटली होती. त्याच महिन्यात त्याने स्वतःच्या इमारतीतला आपला दोर काढून घेतला, आणि तुला एका शब्दाने बोलला नाही. तुम्ही अकराव्या मजल्यावर राहता. दाजी जिन्याने वर आलेत, म्हणून ते दारात असे बसले असतील. खाली पहारेकऱ्याला ते लिफ्ट बंद कर म्हणून सांगूनच चढले असणार, पण तो म्हणेल, सेक्रेटरीसाहेबांनी सांगितल्याशिवाय मला बंद करता येत नाही. सेक्रेटरी तू आहेस, बारक्या. या एका लिफ्टवर तुझा शब्द चालतो, माझा नाही. आत्ता उठ, खाली फोन कर आणि ती थांबव, कुणी आत असेल तर त्याला पुढच्या मजल्यावर उतरवून थांबव. मग चिमणीला कडेवर घे, कठड्याला धर आणि सावकाश पायऱ्या उतरत माझ्याकडे ये.

वाट बघणारी,
तुझीच ताई